उन्हाची जागा

औरंगपुऱ्याच्या गल्लीतून रिक्षा बाहेर आली, कोपऱ्यावर वळली आणि योगिनीच्या मांडीवरचा पंखा आपसूक फिरायला लागला. ती एवढी दचकली की डोकं वरच्या दांडीला आपटलं. पंखा म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. ताटाएवढा, निळ्या पात्यांचा, शिकवणीच्या वर्गातला. त्याच्या तारा तिनंच सकाळी सोलरच्या पॅनलला जोडून पाहिल्या होत्या आणि काढायला विसरली होती. खिडकीएवढं ते पॅनल तिनं शेजारी उभं धरलं होतं, काच बाहेरच्या बाजूला. गल्लीत दुकानांच्या ताडपत्र्यांनी ऊन अडवलं होतं तोवर सगळं गुमान होतं. वळणावर ऊन सबंध काचेवर पडलं, पंखा जागा झाला आणि तिचा पदर सरळ रिक्षावाल्याच्या मानेवर जाऊन पडला. "क्या हुआ बाजी? ये कायकु चालू हुआ?" त्यानं आरशातून विचारलं. "ऊन लागलं त्याला," ती म्हणाली. "हौ? खाली धूप पे चल रहा?" "खाली धूप पे. नुसत्या उन्हावर." हे म्हणताना आपला आवाज एखाद्या बाळंतिणीच्या आईसारखा ऐटीचा झाला आहे, हे तिच्या लक्षात आलं. रिक्षावाल्यानं मागच्या हॉर्नांची फिकीर न करता रिक्षा तशीच उन्हात रेंगाळत ठेवली आणि आरशात पंखाच बघत राहिला. योगिनीला हसू फुटलं. ते थांबेना, म्हणून तिनं तोंडाला पदर लावला, तर पंख्यानं तोही उडवला.

सकाळपासून तिला काहीतरी होत होतं आणि त्याला नाव सापडत नव्हतं. कापडाच्या दुकानावरच्या खोलीत वर्ग भरायचा; वस्तीवस्तीतली माणसं गोळा करून त्यांना शिकवायचं की आपल्या वस्तीसाठी सगळ्यांच्या मालकीचा एक सोलर संच आपणच कसा उभा करायचा, जागा कशी बघायची, माणसं कशी जोडायची, वीज कंपनीच्या हापिसात कसं बोलायचं. त्या खोलीच्या अंधाऱ्या जिन्यात श्रेया मॅडमनी आज तिचा हात धरला. मॅडम म्हणजे वर्ग घेणारी, योगिनीपेक्षा दहा वर्षांनी लहान मुलगी, केस कापलेली, सदा घाईत. "योगिनीताई, पहिला संच तुमच्या वस्तीत. आजच्या बैठकीत सगळे हो म्हणाले तर. नाहीतर आपल्या वर्गातल्या ऋतुराजच्या पिशोरला द्यावा लागेल, त्यांचं सगळं ठरलंय." तेवढं सांगून मॅडम स्कूटीवर पुढं पडेगावला निघूनही गेल्या, आणि योगिनी जिन्यातच उभी राहिली, एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. असं आपल्याला कधी झालं होतं? लग्नात? छे, लग्नात नुसती भीती होती. मग मिल कॉर्नरजवळ रिक्षा खड्ड्यात गेली, पॅनल गुडघ्यावर आदळलं आणि त्या कळेबरोबर ते आठवलं. मुक्काम हलवायच्या दिवशीची सकाळ. ती सात-आठ वर्षांची, बापाचा कळप पिशोरच्या डोंगराकडून खाली उतरायचा असायचा, आई घोडीच्या पाठीवर घोंगडी, तवा, कोंबड्यांची पाटी असं सगळं बिऱ्हाड चढवायची, आणि सगळ्यात वर योगिनीचा धाकटा भाऊ बांधायची. कुत्री उगाच भुंकायची. कुठं जायचं ते कुणी सांगायचं नाही, कुणाला नीट माहीतही नसायचं. पण आज इथं नाही, आज दुसरीकडं, एवढ्यावरच पोटात गोळा यायचा, गोड, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखा. तोच हा गोळा. तिशी उलटलेल्या, पडेगावच्या वस्तीत पत्र्याच्या घरात राहणाऱ्या, दोन लेकरांच्या बाईच्या पोटात तो इतकी वर्षं कुठं दडून बसला होता कुणास ठाऊक.

आणि म्हणे तुला ऊन कळतं! तिनं स्वतःलाच टोमणा मारला. कारण या सगळ्याची सुरुवात मोठी हसण्यासारखी होती. वर्गाच्या पहिल्या आठवड्यात मॅडमनी सांगितलं, "आपापल्या वस्तीतली सगळ्यात चांगली, मोकळी जागा शोधा आणि फोटो काढून आणा." सगळ्यांनी आणले, कुणी शाळेची गच्ची, कुणी गावठाणाचा उघडा माळ. ऋतुराजनं तर शेताच्या बांधावर स्वतः उभं राहून काढलेला आणला. योगिनीनं आणला लिंबाच्या झाडाचा. वस्तीतलं एकुलतं एक मोठं झाड, खाली गारवा, बुंध्याशी टेकायला दगड, पाण्याचा रांजण. ऋतुराज म्हणाला, "ताई, हे पॅनल बसवायला का पॅनलला झोपवायला?" आणि खोली हसण्यानं दणाणली. मॅडम तर हसता हसता खाली बसल्या. योगिनीही हसली, पण घरी जाताना तिला आतून कुठंतरी लागलं. चूक कळली होती. लागलं ते वेगळंच होतं. तिचा सगळा जन्म सावली शोधण्यात गेला होता. लहानपणी बाप विचारायचा, बोल, आज दुपारी मेंढरं कुठं थांबवायची? आणि ती डोळे बारीक करून माळावर बघायची. बाभळीची सावली विरळ, वडाची दाट पण खाली मुंगळे, ओढ्याच्या दरडीची दुपारनंतर सरकते. कुठंच काही नसलं तर मेंढरं गोल करून उभी राहायची, एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून. हिची सावली तिला, तिची हिला. चांगली जागा म्हटलं की तिच्या डोक्यात सावलीशिवाय दुसरं येणार कुठून? बुडणाऱ्याला पाणी आवडतं का विचारावं, तसं होतं ते.

मग तिनं उलटं बघायला शिकायचं ठरवलं, आणि त्यात तिला जी मजा आली ती कुणाला सांगायची सोय नव्हती. धुणी वाळत घालताना, पाण्याच्या रांगेत, शेजारणीशी बोलताना तिची नजर जमिनीवर. सावली कुठून कुठं गेली, कुठं कधीच गेली नाही. पत्र्याच्या घरांवर पॅनल बसवायची सोय नव्हती, वावटळ आली तर पत्र्यासकट नांदगावला जायचं. म्हणून सगळ्यांचा मिळून एकच संच, एका जागी, आणि त्याची वीज घरोघरच्या बिलात वाटून. मॅडमनी हे चित्रं काढकाढून समजावलं होतं, योगिनीला मात्र ते ऐकताक्षणी पटलं होतं. चार घरची मेंढरं एकाच कळपात चरत नाहीत का? पाठीवरचा रंगाचा ठिपका ज्याचा त्याला. वस्तीत एकेका मीटरवर चार-चार घरं तारा टाकून जगत होती, दुपारी पत्रे तापले की लेकरं फरशीवर ओला टॉवेल टाकून निजत, आणि वीज नेमकी तेव्हाच जाई. आणि अखेर तिला जागा सापडली. तिच्या दारासमोरच. सासऱ्यांनी म्हातारपणी कळप विकून घेतलेला तुकडा, वर मुरूम, खाली खडक, गवताचं पातं उगवत नाही, दिवसभर एका झाडाची, एका भिंतीची सावली नाही. दुपारी तिथून कुत्रंसुद्धा जायचं तर पळत जायचं. इतकी वर्षं ज्या तुकड्याकडं बघून ती नाक मुरडत होती, त्याच्या मधोमध ती एका दुपारी भर उन्हात उभी राहिली, डोकं तापलं, डोळ्यांपुढं पिवळं झालं, आणि ती स्वतःशी मोठ्यानं म्हणाली, "काय झ्याक जागाय!" सोनाजी, तिचा नवरा, दारातून बघत होता. त्यानं आधी तिला पाणी आणून दिलं आणि मग डॉक्टरकडं जायचं का विचारलं.

पण जागा होती सासूची. बानाबाईची. सासऱ्यांच्या मागं तिनं दहा-बारा मेंढरं ठेवली होती, आणि एक एडका, वळलेल्या शिंगांचा, तिच्याइतकाच हेकट. ती मेंढरं त्या तुकड्यावर बसायची, दुपारीसुद्धा, एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून. सगळा कळप गेला, त्याचं एवढंच उरलं होतं. तुकडा आणि तुकड्यावरची लेंड्यांची ऊब. योगिनीनं तिला पहिल्यांदा विचारलं तेव्हा बानाबाई म्हणाली, "बघू." वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, बानाबाई जन्मात कुणाला नाय म्हणाली नाही, ती बघू म्हणते. सोनाजीनं टपरी टाकायची काढली तेव्हा बघू. योगिनीनं शिलाई मशीन घ्यायचं म्हटलं तेव्हा बघू. त्या बघूच्या पोटात किती गोष्टी गडप झाल्या होत्या त्याला गणती नाही. परवा पुन्हा विषय काढला तर म्हातारी मेंढीच्या खुरातला काटा काढत, वर न बघता म्हणाली, "उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. लई नाचू नको." योगिनीच्या मनात आलं की खरंच आहे, आपण नाचतोच आहोत. मग लगेच आलं की नाचायलाच पाहिजे, इतकी वर्षं बसून होतो की.

छावणी मागं पडली, रस्ता रुंद झाला, ऊन आता माथ्यावर येत होतं आणि पॅनलच्या काचेवर तिरपंच पडत होतं, त्यामुळं पंखा मधूनच थांबायचा, मधूनच दोन फेरे घ्यायचा. प्रत्येक वेळी तो थांबला की तिच्या पोटातला गोळा भीतीचा व्हायचा. एवढं सुख झालं की नजर लागते. मी कोण अशी? काल-परवापर्यंत दुसऱ्याच्या घरची भांडी घासणारी. बैठकीत आवाज फुटला नाही तर? वस्तीतले खंडेरावमामा जुना खांब दाखवणार, ते तर ठरलेलंच. मागं कुणी पुढारी सोलरचा दिवा लावून गेला होता, हार, फोटो, पेढे, आणि वर्षाच्या आत त्याची बॅटरी गायब. आता त्या खांबाला बोकड बांधतात. दुधानं पोळलं की ताकही फुंकून पितात, आणि वस्तीचं तर तोंडच पोळलं होतं. रिक्षावाला मध्येच म्हणाला, "बाजी, हमारे मोहल्ले में भी होता क्या ऐसा?" आणि पंखा भर्रकन फिरला. तिनं शकुन मानला. "व्हतं की," ती म्हणाली. "पन आधी सगळ्यांनी व्हय म्हनायला पायजे." "वो तो मुश्किल है," तो गंभीरपणे म्हणाला. "हमारे यहाँ शादी की बिर्याणी पे भी सब हौ नहीं बोलते."

बैठक भर दुपारी ठेवायचा हट्ट तिचाच. सोनाजीनं डोक्याला हात लावला होता, "मे महिन्यात दुपारी बैठक? लोकं शिव्या देतील." पण पंखा जोरात फिरताना बघितला पाहिजे ना त्यांनी! हातच्या कांकणाला आरसा कशाला? मॅडमलाही ते पटलं, त्याही तशाच उत्साही. दोन शहाण्या बायकांनी मिळून ठरवलं होतं. वस्तीवर पोचताच तिनं पॅनल तुकड्याच्या मधोमध पाण्याच्या रिकाम्या टिपाडावर तिरपं टेकवलं, पंखा पुढं ठेवला, आणि तो असा सुसाट सुटला की पाती दिसेनात. वस्तीतली माणसं आली, बाया आल्या, डोक्यावर टॉवेल, पदर. पंख्याकडं बघून लेकरं ओरडली. योगिनीनं तोंड उघडलं. तोवर मागचा एकजण हळूच लिंबाखाली सरकला. मग दुसरा. मग बायांचा सगळा घोळका. तिचं पहिलं वाक्य संपेपर्यंत सबंध बैठक लिंबाच्या बुंध्याला चिकटून बसली होती, रांजणाभोवती, आणि तुकड्यावर ती, मॅडम आणि पंखा एवढेच उरले. रिक्षावाला भाडं घेऊनही गेला नव्हता. तो रिक्षाच्या टपाखाली बसून बघत होता. या दिवसांत मध्यान्हीला माणसाची सावली त्याच्या पायातच गोळा होते. तिला वाटलं, आपण ती पायाखाली तुडवून उभ्या आहोत. "तिकडूनच बोल पोरी," लिंबाखालून खंडेरावमामा ओरडले. "आमाला ऐकू यायलंय."

तर ती ओरडून बोलली. घसा फोडून. काय बोलली ते तिला नंतर सलग आठवलं नाही. कळप आणि पाठीवरचे ठिपके आठवतात, घरोघरी दुपारी फिरणारे पंखे आठवतात, आणि संच कुणा पुढाऱ्याचा नाही, आपला, बिघडला तर मी हाय, मी शिकलेय, मी चढीन वर, असं म्हणताना आवाज चिरकला आणि मॅडमनी पाठीवर हात ठेवला, ते आठवतं. लिंबाखाली कुजबुज झाली. खंडेरावमामांनी अपेक्षेप्रमाणं खांबाकडं बोट केलं. "ते बी असंच बोलत व्हते, योगे. बोकड बांधायची सोय झाली तेवढी." लोक हसले. "मामा," ती ओरडली, "तो खांब कुनाचा व्हता?" "कुनाचा म्हंजी? पुढाऱ्याचा." "म्हनून गेला. आपला असता तर तुमी त्याला राखलं नसतं?" मामांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बरं, आमचं व्हय समज. पन जागा बानाबाईची. ती काय म्हनती?" सगळ्या माना वळल्या. बानाबाई बैठकीत नव्हतीच. ती नाल्याकडून येत होती, हातात काठी, पुढं मेंढरं, दुपारच्या विसाव्याला परतणारी. तिनं तुकड्याच्या कडेला उभं राहून सगळं बघून घेतलं, टिपाड, पॅनल, पंखा, सून. "बघू," ती म्हणाली. लिंबाखाली कुणीतरी सुस्कारा सोडला. योगिनीला वाटलं, संपलं. पण म्हातारी आज पुढं बोलली, जन्मात पहिल्यांदाच तिच्या बघूला शेपूट फुटलं. "समदा तुकडा काचंनं झाकशील. माझी मेंढरं कुठं बसवू? लोखंडाच्या पायावर?"

जागा शोधताना योगिनीनं सावली बघितली होती, खडक बघितला होता, वारा बघितला होता. मेंढरं बघायची राहिली. तिनं, धनगराच्या लेकीनं! पंखा वेड्यासारखा फिरत होता आणि त्याचा आवाज तिला नकोसा झाला. मॅडम काहीतरी हळू म्हणाल्या, पिशोर एवढा शब्द ऐकू आला. मेंढरांना मात्र बैठकीचं सोयरसुतक नव्हतं. ती नेहमीसारखी तुकड्यावर पसरली, उन्हानं बावरली, आणि एका मेंढीनं टिपाडामागं, तिरप्या पॅनलखाली जी हातभर सावली पडली होती तिच्यात मान घातली. तिच्या पोटाखाली दुसरीनं. तिसरी, चौथी, टिपाड डुगडुगलं, पॅनल घसरलं, योगिनी किंचाळली, "धरा! अवो धरा!" सोनाजी लिंबाखालून धावला, रिक्षावाला टपाखालून. दोघांनी दोन बाजूंनी पॅनल झेललं आणि मेंढरांना लागू नये म्हणून वर उचललं, पार डोक्यावर. टिपाड गडगडत गेलं. पंखा तारेला लोंबकळत फिरत राहिला. आणि त्या दोघांच्या मध्ये, उचललेल्या पॅनलच्या बरोब्बर खाली, पांढऱ्या रखरखीत मुरमावर सावलीचा एक काळा चौकोन पडला. मावतील तेवढी मेंढरं त्यात शिरली, दाटीवाटीनं, अगदी मुकाट.

योगिनी बघतच राहिली. तिला दिसला तो लिंबाचा फोटो, वर्गातलं हसू, बापाचे बारीक केलेले डोळे, बोल, आज मेंढरं कुठं थांबवायची? ती चुकली नव्हती. चांगली जागा म्हणजे सावलीच. फक्त ती इथं आणायची राहिली होती. असा आनंद झाला तिला की पाय जमिनीवर ठरेनात. "आत्याबाई!" ती ओरडली, "पलेटी वर, मेंढरं खाली! सबंध तुकडाभर मांडव घालू. ऊन वर, सावली खाली. तुमी बी खाली, लेकरं बी खाली, पुढची बैठक बी खाली!" "बाजी," रिक्षावाला वरचं ओझं सांभाळत म्हणाला, "बैठक जल्दी करो, हाथ दुख रहे." लिंबाखाली हशा उसळला, आणि त्या हशात मॅडम बोटांवर मोजत स्वतःशीच पुटपुटत होत्या, पाय उंच करायचे, लोखंड वाढेल, गणित परत मांडायचं, आणि हे सगळं त्या इतक्या खुशीत पुटपुटत होत्या की जणू लोखंड फुकट मिळणार होतं.

बानाबाई काठी टेकत आली. दोन मेंढ्यांना ढोपरानं बाजूला सारलं आणि सावलीत बसली, पाय लांब करून, जशी आपल्या ओट्यावर बसते. लोंबकळणारा पंखा तिनं हातानं धरून आपल्या तोंडाकडं वळवला. कपाळावरचे पांढरे केस उडाले. चंची काढली, तंबाखू मळली, दाढेखाली धरली. सगळी वस्ती लिंबाखालून बघत होती. सावलीबाहेर एडका उभा होता. त्यानं दोनदा आत शिरायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा त्याची शिंगं सोनाजीच्या कोपराला लागून तो मागं हटला. म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं, मग वर पॅनलच्या काळ्या पाठीकडं. मॅडम वाकून तिला म्हणाल्या, "आजी, किती उंच पाहिजे?"

बानाबाईनं तंबाखूची पिंक दूर उन्हात टाकली. "एडक्याची शिंगं लागू नयेत," ती म्हणाली, "आन उठताना माझं डोस्कं."

लिंबाखालून आधी खंडेरावमामा उठले, मग बाया, मग सगळेच उन्हात चालत यायला लागले. योगिनीनं सासूच्या हातातली काठी घेतली आणि एडक्याशेजारी उभी करून मोजायला लागली.